बापूरावांचं निवेदन

११ जानेवारी, रविवार

प्राधिकरणाची नोटीस आली. राज्यातलं पाणी कुणाला किती ते ठरवणारं प्राधिकरण. विषय एकच: आमच्या वस्तीला कालव्याचं पाणी आणणारी शेवटची चारी कायमची बंद करून तिचं पाणी वरच्या गावांना द्यायचं का? सुनावणी बारामतीला, २० तारखेला. ‘खुली जनसुनावणी’ असं ठळक छापलंय. बरं वाटलं. चार माणसांदेखत बोललं की शब्दाला वजन येतं.

पाकिटावर नाव आमच्या पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांचं. बापूराव.

पोस्टमन हसला. “आबा, ह्यांना आता कुठं गाठू?” म्हटलं, आण इकडं, सचिव मीच आहे. सही करून पाकीट घेतलं.

तीन वर्षं झाली बापूरावांना जाऊन. पाणी वापर संस्थेच्या कागदावर मात्र अजून आहेत. नवा अध्यक्ष निवडायचा म्हणजे वरचे आणि टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटाचे, यांच्यात काठ्याच निघायच्या. ‘पुढच्या सभेत बघू’ असं म्हणत म्हणत...

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगुळाबरोबर प्रोसिडिंग बुकही फिरवलं. ‘चारी बंद करण्यास सक्त हरकत’ असा ठराव लिहिला आणि बुक काखेत मारून घरोघर गेलो. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, सही घ्यायची. आमची सभा अशीच होते. सगळे एका जागी कधी जमलेत? कुणाची धार काढायची असते, कुणाला लग्नाला जायचं असतं. म्हाताऱ्यांना कशाला चालायला लावा, म्हणून ही पद्धत मीच पाडली.

शेवटी पोपटराव. टेललाच त्यांची डाळिंबं. सही केली, पान उलटून म्हणाले, “अध्यक्षांची ऱ्हायली की आबा. करा, करा. त्यांचा हात आता तुमच्याच मनगटात हाय.”

हसलो. केली. ‘बा’ला वरून गाठ मारायची, ‘व’ची शेपटी सरळ ओढायची. आता बघावंही लागत नाही.

ही घरात तीळ भाजत होती. न वळताच बोलली, “मेल्या माणसाला किती राबवाल ओ?”

बापूराव कागदावर आहेत तोवर चारी आहे. आणि चारी संपते ती सोना वैनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दारात. पोरगा चाकणला कंपनीत. ती एकटी, दोन म्हशी, एक विहीर. चारीला पाळीचं पाणी येतं, ते मुरतं म्हणून विहिरीला पाणी. चारी बुजली की विहीर बुजल्यात जमा.

वैनींच्या दारात ते बुक घेऊन मी कधी गेलो नाही. आजही रस्ता वाकडा करून आलो.

२० जानेवारी, मंगळवार (एस.टी.त लिहितोय, अक्षर हालतंय)

सकाळी अंथुर्ण्याहून गाडी. मी, पोपटराव, वस्तीतली अकरा माणसं. सरकारी इमारतीतलं सभागृह गच्च. प्राधिकरणाच्या (पुढं नुसतं ‘प्रा.’ लिहितो) अध्यक्षा एक बाई, वयानं बऱ्याच, बोलणं मऊ. ठराव मीच वाचला. एवढ्या मोठ्या माईकपुढं माझं चौथी शिक्षण थरथरलं नाही. टाळ्या पडल्या. वाटलं, जिंकलो.

जेवणानंतर बाईंनी चष्मा लावून वाचून दाखवलं. सुनावणी खुलीच असते, पण नियमाला अपवाद आहेत. वाटाघाटीचा भाग, कुणाची खासगी बाब, आणखी दोन-तीन. “यापुढची चर्चा अपवादात येते. संबंधित संस्थेचे अध्यक्ष तेवढे आत थांबतील. बाकीच्यांनी कृपया बाहेर.”

बाहेर आलो. व्हरांड्यात बाक. आत किती राहिले ते मी बघितलं होतं: बाई, दोन सदस्य, टाइप करणारी मुलगी. चार.

शिपायानं दारात येऊन पुकारलं, “अध्यक्ष, बापूराव!”

आता उठून सांगावं, ते वारले. अर्धा उठलोही. पोपटरावांनी कोपर दाबलं. “गप बसा. मयत म्हनालात तर ठराव फुकाट. समदेच ठराव फुकाट.”

दुसऱ्यांदा पुकारा. तिसऱ्यांदा.

मग शिपायानं दार पुरतं उघडलं आणि स्वतः भिंतीला लागून उभा राहिला. काठी टेकत येणाऱ्या माणसाला आपण वाट देतो ना, तसा. थोडा थांबला. जरा वाकला. आणि आत कुणीतरी पोचल्यावर लावावं तसं दार हळू लावून घेतलं.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. कुणी गेलं नाही. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

थोड्या वेळानं चहा आत गेला. ट्रेमध्ये पाच कप.

पोपटरावांना म्हटलं, पाच का? “आवं, टायपिंगवाली दोन पीत आसंल.” पण त्यांचाही चेहरा काही नीट नव्हता. पाचही कप रिकामे बाहेर आले.

आतला शब्द कळत नव्हता, नुसती आवाजाची गुणगुण. मधे एकदा खोकला. आधी दोन बारके, मग एक मोठा, मग ‘आई गं’. चाळीस वर्षं त्या खोकल्याशेजारी बसून तंबाखू मळली. आता काय लिहू?

२१ जानेवारी, बुधवार

दिवसभर गोठ्याच्या दारात. हिनं विचारलं, बाधलं का बारामतीचं काही? म्हटलं, व्हय, भजी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणीचं इतिवृत्त टपालानं आलं. खुल्या भागाची सहा पानं. माझं सगळं भाषण नीट घेतलंय, ‘सचिवांनी पोटतिडकीने मांडले’ असंसुद्धा. मग सातवं पान. बंद भागाचं. जसंच्या तसं उतरवतो:

‘संस्थेचे अध्यक्ष श्री. बापूराव समक्ष हजर. त्यांनी सांगितले की, मागील तीन वर्षांतील संस्थेच्या एकाही सभेस ते हजर नव्हते. तथापि याबाबत सचिवांस दोष देऊ नये, ते भले गृहस्थ आहेत. शेवटच्या चारीबाबत त्यांनी पुढीलप्रमाणे निवेदन केले:’

त्याच्या खाली अकरा ओळी काळ्या. शाईनं बुजवलेल्या. समासात बारीक शिक्का: ‘अपवादाखाली वगळले.’

शेवटी: ‘निर्णय राखून ठेवण्यात येत आहे.’

कागद उन्हात धरून बघितला. काळ्यातून काहीच दिसत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिला वाचून दाखवलं. पदराचं टोक तोंडात धरून ऐकलं. पहिल्यांदा ती भ्याली असेल असं वाटलं. तसं नव्हतं.

“बापूरावच ते. दुसऱ्याला पाठीशी घालून आपन पुढं व्हायची त्यांची खोडच. ‘दोष देऊ नये.’ आसंच बोलायचे.”

“अगं, पण गेलेला माणूस...”

“तुमीच न्हाय का तीन वर्सं त्यांना सभंला नेत? रोज बोलावल्यावर येतंय मानूस एखाद दिवशी.”

जेवण गेलं नाही. दोष देऊ नये. तेवढंच डोक्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार

बारामती. प्रा.च्या तिथल्या कचेरीत एक तरुण लिपिक, सौम्य, पाणी विचारलं. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, आतली हजेरी दाखवा. दोन, त्या अकरा ओळी.

हजेरीचा कागद दाखवला. चार सह्या इंग्रजी. पाचवी मराठी.

माझी नाही. म्हणजे मी करतो ती, सरळ शेपटीची, ती नाही. ही वाकडी, डावीकडं कललेली, ‘राव’ खाली घसरलेलं. दम लागल्यासारखी.

अर्धांगानं उजवा हात गेल्यावर बापूराव डाव्या हातानं एकदाच सही करू शकले. इंदापूरच्या दवाखान्यात, दाखल करून घ्यायच्या कागदावर. कागद मी धरला होता. त्यानंतर तीन दिवसांनी गेले. ती सही मी कुणाला दाखवलेली नाही, प्रोसिडिंगमध्ये ती नाही, मला स्वतःला तशी काढता येणार नाही.

हात कागदावरून काढवेना. लिपिक म्हणाला, “आजोबा, बरं वाटत नाही का?”

विचारलं, हे गृहस्थ तुम्ही बघितले? “मी आत नव्हतो. आमचे साहेब म्हणाले, म्हातारे फार छान बोलले.”

काळ्या ओळींचं म्हणाला, “तुम्हाला देता येणार नाही. अपवाद आहे. पण स्वतःचं निवेदन स्वतःला मिळतं, तशी तरतूद आहे. अध्यक्षांच्या सहीचा अर्ज आणा, चार दिवसांत नक्कल देतो.”

अर्जाचा छापील नमुना दिला. खाली मोकळी जागा. ‘अर्जदाराची सही.’

प्रा.च्या नियमांची मराठी पुस्तिका मागून आणली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिका दोनदा वाचली. कठीण शब्द हिशोबी वहीच्या मागं लिहून काढले, तसाच तर शिकलो सगळं. सभा खुली हवी कारण काम लोकांचं आहे, हे पहिल्याच पानावर. पुढं अपवाद. पहिल्या वाचनात राग आला, दार लावायची ही बरी सोय. दुसऱ्या वेळी राग उतरला. त्यांनी दार लावलं, पण तसं सांगून लावलं. कलम वाचून दाखवलं, आत कोण होतं ते लिहिलं, वेळ लिहिली. मी तर तीन वर्षं सभा भरवलीच नाही आणि ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ असं लिहीत आलो. दार कुणावर लावलं, ते लोकांना कळूही दिलं नाही.

पोपटराव येऊन गेले. अर्जाचा नमुना बघून डोळे चमकले. “मग बसलाय काय? मारा सही. काय बोललेत ते कळंल. चारी ठेवा म्हनाले असतील तर गुलाल. दुसरं कायी असंल तर वकील गाठू.”

“आणि ते खोटं?”

“एवढ्या केल्या, त्यात एक. शेवटची, आबा.”

“हजेरीवरची सही त्यांची आहे, पोपटराव. डाव्या हाताची.”

पोपटराव उठले. चप्पल घालताना दोनदा चुकली. “मला असलं सांगू नगा. माझं बीपी हाय.”

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. दुपारी अर्ज भरला. नाव, पत्ता, विषय. सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

‘बा’ची गाठ येईना.

तीन वर्षं डोळे मिटून केलेली सही. हात नुसता विसरला. चार रद्दीच्या कागदांवर करून बघितली, चारही अनोळखी. कुणीतरी उसनं दिलेलं परत घेऊन जावं तसं.

ही बाजूला साबुदाणा निवडत होती. “काय झालं?” म्हटलं, येत नाही. “सुटलात,” म्हणाली.

पण मी सुटलो म्हणजे वैनींची विहीर सुटत नाही. मी खरं सांगितलं तर ठराव रद्द, हरकत रद्द, चारीच्या बाजूनं बोलणारा कागदच उरत नाही. नाही सांगितलं तर ‘एकाही सभेला नव्हतो’ म्हणणारा आतला माणूस खोटा पडतो. त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी...

१८ फेब्रुवारी, बुधवार

सोना वैनींकडं गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. बुक बरोबर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हशीला पाणी दाखवत होत्या. सगळं सांगितलं. सह्या, पोपटरावांचं कोपर, शिपाई, कप, काळ्या ओळी. काही राखलं नाही. खाली बघून बोलत होतो, वर बघायचा धीर नव्हता.

म्हशीचं पिणं होईस्तोवर वैनींनी बादली धरून ठेवली.

मग म्हणाल्या, “तीन वर्सं त्ये सभंला जात व्हते, आन मला कुनी सांगितलं न्हाय?”

“वैनी, जात नव्हते. मी नुसत्या सह्या...”

“मी हितं दारात बसून. आन त्यांचं नाव गावभर फिरतंय, च्या पितंय.” बुक हातात घेतलं. वाचता येत नाही त्यांना. पान पान उलटून प्रत्येक खोट्या सहीवर बोट ठेवलं. कुठली त्यांच्या नावाची ते मी सांगितलं नव्हतं. एकही चुकलं नाही.

“चारीचं काय बोलले?”

“ते काळं केलंय.”

“कुनी?”

“नियमानं.”

“मला बी?”

बुक काखेत मारलं. निघताना वैनींनी हाक मारली. वाटलं, आता शिव्या. तर म्हणाल्या, “आबा, खरं लिवून द्या. हीर ऱ्हाईल न्हाईतर जाईल. पर त्यांना तितं एकल्याला उभं करू नगा.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार

इंदापूर. तहसीलच्या आवारात झाडाखाली टेबलं टाकून बसतात त्यातल्या एकाकडून प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतलं. ‘संस्थेचे अध्यक्ष तीन वर्षांपूर्वी मयत झाले असून तेव्हापासूनच्या त्यांच्या सर्व सह्या मी, सचिव, केलेल्या आहेत. दि. २० जानेवारीच्या बंद चर्चेतील हजेरीवरील सही मात्र मी केलेली नाही.’ मृत्यूचा दाखला जोडला.

टाईप करणारा थांबला. “आजोबा, शेवटचं वाक्य काढू का? त्यानं घोळ होतोय.”

“राहू दे.”

“मग ती केली कुणी?”

“राहू दे, बाबा.”

प्रा.ला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. आता जे व्हायचं ते होवो. बसस्टँडवर उसाचा रस प्यालो. कितीतरी दिवसांनी काही गोड लागलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पोपटराव बोलत नाहीत. देवळापाशी दिसले, तोंड फिरवलं. मग मागून ऐकू आलं, “लई सत्यवादी! डाळिंबाला आता ह्याचं सत्य घालतो.”

राग नाही आला. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

५ मार्च, गुरुवार

प्रा.चं पत्र. मागचे ठराव विचारात घेतले जाणार नाहीत. सचिवांची स्वतंत्र चौकशी. चारीचा निर्णय मात्र अजून राखून, ‘श्री. बापूराव यांचे निवेदन अभिलेखावर असल्याने’. म्हणजे एवढा मोठा मृत्यूचा दाखला जोडूनही निवेदन त्यांनी काढून टाकलेलं नाही. एकदा नोंदलेलं निवेदन काढायची तरतूद नाही म्हणे.

१० तारखेला पुन्हा सुनावणी. मयताची ओळख ही खासगी बाब, सबब अपवादाखाली, बंद. आत फक्त पत्नीस प्रवेश. ‘सचिवांनी बाहेर थांबावे.’

पत्र वैनींना वाचून दाखवलं. “माझा नवरा आत बोलतो आन मला बाहेर बशिवत व्हते, आता कळलं व्हय त्यांना,” म्हणाल्या. मग विचारलं, लुगडं कोणतं नेसू?

१० मार्च, मंगळवार (बारामती, व्हरांड्यातल्या बाकावर)

वैनी आत गेल्या त्याला अर्धा तास झाला. हिरवं इरकल नेसल्यात, ते गेल्यापासून पेटीतच होतं. बरोबर भाकरीचं फडकं घेतलं होतं. शिपाई म्हणाला, आत खायचं न्यायचं नाही. वैनी म्हणाल्या, “माझ्यासाठी न्हाय त्ये.” त्यानं मग अडवलं नाही.

दाराशी मला म्हणाल्या, “आबा, मी आपलं चारीचं एकदा इचारते. दुसऱ्यांदा न्हाय इचारायची. ते म्हनतील ते खरं.”

पोपटरावही आलेत. आपणहून. बाकाच्या त्या टोकाला बसलेत, बोलत नाहीत, पण तंबाखूची पुडी मधे ठेवलीय.

बाईंचा आवाज आला, काहीतरी वाचल्यासारखा. मग शांत. टाइपाची टकटक सुरू होती तीही थांबली.

आता वैनींचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. सरकारी माणसांशी बोलतात तसा चढा नाही, घरात बोलतात तसा खालचा. बोलतात, मधेच थांबतात. कुणीतरी बोलणं पुरं करेपर्यंत थांबावं, तेवढाच वेळ. मग ‘हं’. मग पुन्हा बोलतात.

पोपटरावांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं.

आत्ता वैनी हसल्या. मोठ्यानं, अगदी मोकळं. तीन वर्षांत हे हसू मी ऐकलेलं नाही.

आता पुन्हा काही विचारतायत. हळू, एकच वाक्य. चारीचंच असणार. विचारून गप्प झाल्यात.

आम्ही दोघंही तंबाखू हातात धरून बसलोय. मळत कुणीच नाही.